स्काउटमुळे मुलं खरंच घडतात का?

पायवाट:
गणवेश, बिल्ले, शेकोटीची गाणी पाहून पालक भारावतात. माझ्या मते पथकाची ताकद त्यात नाहीच, ती संघात आहे. सहा-आठ मुलं आणि त्यांचा नायक त्यांच्यातलाच, फार तर वर्षा-दोन वर्षांनी मोठा. १९०७ साली स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हाही मुलांचे चार संघ पाडले होते. बड्या खासगी शाळांतली मुलं आणि कामगारांची मुलं त्यात एकत्र होती. तंबू कोसळला, स्वयंपाक करपला तर कुणाकडे बघायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. 'माझ्या संघातले आज उपाशी झोपायला नकोत' ही काळजी तेरा वर्षांच्या पोराला एरवी कुठे लागते?

शंकेखोर:
काळजी लागते, मान्य. पण शिस्तीत रमणारी मुलंच तिथे टिकतात, बाकीची लवकरच गळतात. मग उरलेल्यांकडे बोट दाखवून 'बघा, आम्ही घडवली'! शिवाय शिट्टी वाजली की रांग, मग सलाम, मग वचन. यातून हुकूम पाळायची सवय लागते. तिला चारित्र्य म्हणायला मी तयार नाही.

नकाशावाचक:
ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पुढे अनेक दशकं मागोवा घेतला गेला. त्यातल्या सुमारे १० हजार जणांची माहिती एडिंबरा आणि ग्लासगो विद्यापीठांच्या संशोधकांनी तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. लहानपणी स्काउट किंवा गाइड असलेल्यांना पन्नाशीत चिंता-नैराश्यासारखे त्रास असण्याची शक्यता सुमारे १५ टक्के कमी आढळली.

शंकेखोर:
मन ठणठणीत असलेला माणूस लबाड असू शकतो की! आणि मुलाला नेमाने पथकात पाठवणारे आईबाप मुळातच लक्ष देणारे असतील, त्याचं श्रेय स्काउटला का?

दोघांची आई:
तुमचं चालू द्या, मला वेगळीच धास्ती आहे. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स संघटनेने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्या प्रक्रियेत लैंगिक अत्याचाराचे ८२ हजारांहून अधिक दावे दाखल झाले. धडे देणाऱ्यांना कोण तपासतं?

पायवाट:
ताई, इथे सगळ्यात रास्त प्रश्न तुमचाच. कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, हा नियम पथकात पाळतात का, हे आधी विचारा. विचारल्याचा राग आला तर मुलाला तिथे घालूच नका.

शंकेखोर, स्काउटमास्तरच सगळं ठरवत असेल तिथे तुमचं म्हणणं खरं. पण संघनायकांची सभा नीट भरत असेल, तर कार्यक्रम मुलं आखतात, भांडणंही तीच मिटवतात. आणि चुकीचा बेत आखला तर मास्तरने गप्प बसायचं. हे फार कमी जणांना जमतं.

शंकेखोर:
भरत असेल तर! मी पाहिलेल्या बिल्ल्यांच्या बऱ्याच वह्या आईच्या अक्षरात होत्या.