"म्युझियम सोडा" म्हणणाऱ्यांसाठी : बडोदा, रविवर्मा आणि आपण नाशिककर

खडूमास्तर (धागाकर्ते)

परवा इथे एकाने बडोद्याच्या सहलीवर लिहिलं. टूरच्या मिनीबसने सापुताऱ्याच्या घाटातून गेले, लक्ष्मी विलास पॅलेस पाहिला, दरबार हॉलचं तोंड भरून कौतुक केलं. इथवर उत्तम. पण शेवटी सल्ला दिला : "आवारातलं महाराजा फत्तेसिंह म्युझियम सोडा. त्याचं तिकीट वेगळं, आणि आत आहेत ती रविवर्म्याची चित्रं. ती आपण लहानपणापासून कॅलेंडरवर बघतोच आहोत." खाली वीसेक जणांनी वेळ वाचवल्याबद्दल आभार मानले. ते वाचून मला राहवेना.

मी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. दर शारदोत्सवाला फळ्यावर रंगीत खडूंनी सरस्वती काढायचो, कॅलेंडर समोर ठेवून. ती वीणा, तो मोर, ते चार हात मला पाठ होते. निवृत्तीनंतर पहिल्यांदा बडोद्याला गेलो, मूळ कॅनव्हाससमोर उभा राहिलो, आणि कळलं की बत्तीस वर्षं मी छपाईची नक्कल करत होतो. साडीचा जरीकाठच घ्या. कॅलेंडरवर तो पिवळा पट्टा असतो. तिथे जवळून पाहिलं तर जर कुठेच नाही. तपकिरी, मातकट पिवळा आणि मध्येच पांढरट असे ब्रशचे तुटक फटकारे, बस. चार पावलं मागे आलो की काठ लखलखतो. पुन्हा पुढे गेलो, पुन्हा मागे आलो. पाऊण तास माझं तेच चाललं होतं. शेवटी तिथल्या रखवालदाराने आपली खुर्ची माझ्यासाठी सरकवली.

ही इमारत म्हणजे राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. 1961 साली तिचं म्युझियम झालं. तिथली 'सीता भूमिप्रवेश', 'कंसमाया', 'अर्जुन-सुभद्रा', लक्ष्मी, सरस्वती ही चित्रं म्हणजे आपल्या डोळ्यांतल्या देवांची मूळ प्रत आहे. दिवाण टी. माधवरावांमुळे रविवर्मा 1881 मध्ये बडोद्यात आले. पुढे 1888 मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीरावांनी पौराणिक विषयांवरच्या 14 चित्रांचं काम दिलं. त्यासाठी रविवर्मा आणि त्यांचा भाऊ राजराजवर्मा उत्तरेत हिंडले, कुठल्या प्रांतातली बाई कशी नेसते ते बघत. एवढ्या कामाला "कॅलेंडर" म्हणून हात झटकायचे?

पाथर्डीफाटा

सल्ला माझा होता, म्हणून उत्तर देतो. मास्तर, तुम्ही पाऊण तास एका साडीच्या काठासमोर उभे राहिलात, आनंद आहे. माझ्याबरोबर चौऱ्याहत्तर वर्षांची आई होती, दोन पोरं होती, आणि टूरवाल्याने सगळ्या आवाराला मिळून दोन तास दिले होते. त्यात पॅलेसच पुरा होत नाही. बाहेर आलो तर बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. माझा सल्ला माझ्यासारख्यांसाठी होता, ड्रॉइंगच्या शिक्षकांसाठी नव्हता.

दुसरं. 14 चित्रांना 50,000 रुपये दिले म्हणतात, आणि तेही त्या काळात. कुणाचे होते ते? रयतेच्या सारावसुलीतले. आणि आज ती चित्रं बघायला रयतेच्याच पणतवंडांनी तिकीट काढायचं. मला चित्रातलं कळत नाही, पण एवढं कळतं.

गंगापूररोड

रविवर्माच बघायचा तर मैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये जावं. दिवा घेतलेली बाई! तळहाताआडून उजेड तिच्या चेहऱ्यावर येतो. त्यापुढे बडोदा काही नाही. आम्ही सहकुटुंब पाहिलंय.

खडूमास्तर

ते चित्र रविवर्म्यांचं नाही हो! सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. सावंतवाडीचा मराठी माणूस. रविवर्मा 1906 मध्ये गेले, आणि हे चित्र 1940 नंतरचं. हातात दिवा घेऊन उभी आहे ती हळदणकरांची स्वतःची मुलगी, गीता. शिवाय ते तैलचित्र नाही, जलरंग आहे. जलरंगात एकदा उजेड घालवला की परत आणता येत नाही, कागदाचा पांढरा राखूनच काम करावं लागतं. शिवाजी तुपे यांच्यासारखा जलरंगकार ज्या आपल्या नाशकात होऊन गेला, त्या गावच्या माणसाने तरी हळदणकरांचं श्रेय दुसऱ्याला देऊ नये. विनंती आहे.

गंगापूररोड

आम्हाला गाइडने जे सांगितलं ते लिहिलं. चुकलं असेल. चित्र मात्र सुंदर आहे, यात बदल नाही.

कसमादे

दोघांनाही एक विचारतो. कवळाण्याला कधी गेलात का? मालेगाव तालुक्यातलं कवळाणे. तिथे 1863 मध्ये जन्मलेला गोपाळराव 1875 मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. आमना गावना पोऱ्या! नाशिकचे लोक बडोद्याच्या पॅलेससमोर सेल्फी काढतात, पण हा राजा आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा होता हे निम्म्यांना माहीत नसतं. मुलांची सहल शिर्डी-सापुताऱ्याला जाते, कवळाण्याला जात नाही.

आणि पाथर्डीफाटा भाऊ, रयतेच्या पैशाचं म्हणता तर पूर्ण हिशेब मांडा. अमरेलीत 1893 पासून आणि 1906 पासून सगळ्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण कुणी दिलं? गावोगाव वाचनालयं कुणी काढली? लोकांसाठी म्हणून सयाजीबागेत 1894 मध्ये वेगळं म्युझियम याच राजाने उभं केलं. ज्याला राजाच्या आवारात पाय ठेवायचा नाही त्याने तिथे जावं.

रेषा

मी स्वतः चित्रं काढते, म्हणून मास्तरांचा तो जरीकाठ मला कळतो. पण रविवर्म्याला इतकं डोक्यावर घेणं मला पटत नाही. नाटकातल्यासारख्या उभ्या केलेल्या बायका, मखमली पडदे, गोऱ्यापान देवी. भगिनी निवेदिता आणि कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी यांनी तेव्हाच यावर कडक लिहिलं होतं. आणि बडोदा म्हणजे फक्त राजवाडा नाही. तिथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत ना. श्री. बेंद्रे, के. जी. सुब्रमण्यन यांनी शिकवलं, स्वातंत्र्यानंतरची अर्धी भारतीय चित्रकला तिथून निघाली. त्याबद्दल या धाग्यावर एक ओळ नाही.

माझा खरा राग रविवर्म्याच्या छापखान्यावर आहे. 1894 मध्ये प्रेस निघाला, आणि पुढच्या काही वर्षांत घरोघरी एकाच साच्याचे देव लागले. पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला), सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते), भिंतीवर गेरू-चुन्याने काढलेले देव, या सगळ्यांचा देवघरातला मान त्या चकचकीत कागदाने काढून घेतला. प्रत्येक गावाचा मारुती वेगळा दिसायचा. आता सगळ्यांचा एकच.

तांबटलेन

रेषाताई, राग वाचला. आता आमच्या वाड्यातलं ऐका. माजघरात आजेसासूबाईंची लक्ष्मी होती, रविवर्मा प्रेसची. खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि 'कार्ला-लोणावळा'. पण ती तुम्ही म्हणता तशी साच्यातली राहिलीच नव्हती. आजेसासूबाईंनी लक्ष्मीच्या साडीवर खरं तांबडं रेशीम कापून चिकटवलं होतं, काठाला स्वतःच्या लग्नातल्या शेल्याची जर, गळ्यात बारीक मणी, कपाळावर टिकली. चेहरा आणि हात तेवढे छापलेले, बाकी सगळं त्यांच्या हातचं. दर दिवाळीला एखादा मणी नवा लागायचा. अशी लक्ष्मी अख्ख्या नाशकात दुसरी नव्हती. मग कला मेली कुठे?

वाडा बिल्डरला दिला तेव्हा सामान काढायला आठ दिवस होते. मी माहेरी बाळंतपणाला. परत आले तर जुन्या बाजारातला एकजण चौकटींचे पैसे देऊन सगळ्या तसबिरी घेऊन गेला होता. त्याला सागवानी चौकट हवी होती. आतलं चित्र त्याने कुठे टाकलं, देव जाणे. मी अजून तिथून गेले की दुकानांत डोकावते. त्यामुळे "छापील कागद" हा शब्द मला सहन होत नाही.

रेषा

तुमच्या लक्ष्मीबद्दल खरंच वाईट वाटलं. पण तुम्ही माझीच बाजू मांडताय. त्या चित्रात जे मोलाचं होतं ते आजेसासूबाईंच्या हातचं होतं, प्रेसचं नव्हे. एका घरात कुणी रेशीम चिकटवलं म्हणून शंभर घरांतली भिंतचित्रं गेली ती परत येत नाहीत. आणि आठवणी सांगितल्या की मुद्दा सिद्ध झाला, ही सवय इथे फार वाढली आहे.

तांबटलेन

आठवणी नाहीत, आमचं घर आहे ते. तुमच्याकडे निवेदिता आहेत, माझ्याकडे आजेसासूबाई. मला त्यांचं जास्त पटतं.

गोदाकाठ

इतका वेळ वाचत होतो. आता लिहितो.

आमच्या घरी रामाची छापील तसबीर होती. माझे आजोबा 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात होते. 2 मार्चला सुरू झालेला तो लढा पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. ज्या माणसाला पंचवटीतल्या खऱ्या रामाच्या पायरीवर चढू दिलं नाही, त्याच्या झोपडीत राम आला तो त्या कागदावरून. पुजाऱ्याला विचारावं लागलं नाही, बाजारात पैसे दिले आणि घरी आणला. रेषाताई, तुम्ही म्हणता प्रत्येक गावाचा मारुती वेगळा होता. खरं असेल. पण त्या गावच्या मारुतीच्या गाभाऱ्यात आम्ही नव्हतो. तो वेगळा होता की सारखा, आम्हाला कुठे दिसत होतं?

पुढे येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली, 1956 ची दीक्षा झाली. आजोबांनी चौकट तशीच ठेवली, आतला राम काढला आणि बुद्धाचं चित्र बसवलं. ती चौकट आज माझ्या घरात आहे. डाव्या कोपऱ्याला वाळवीची भोकं आहेत, मी बदलत नाही.

आणि ज्या सयाजीरावांच्या 50,000 वरून वाद चाललाय, त्यांनीच 1913 मध्ये बाबासाहेबांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जायला शिष्यवृत्ती दिली. म्हणून मी बडोद्याला गेलो होतो. पॅलेस बाहेरूनच पाहिला, पण म्युझियममध्ये गेलो. 'कंसमाये'समोर थांबलो. हातातलं मूल निसटून आकाशात देवी झालंय आणि मारायला निघालेला राजा खाली उभा आहे. मला चित्रकलेतलं काही येत नाही. तरी तिथून हललो नाही.

खडूमास्तर

गोदाकाठ, तुमचं दोनदा वाचलं. मी वर मूळ चित्र आणि छपाई यांची तुलना करताना छपाईला कमी लेखलं, ते चुकलं. त्या छपाईमागेही हात होते. शिळाछपाईत एकेका रंगाला वेगळा दगड, तो दगड कोरडा-ओला सांभाळायचा, वर व्हार्निश. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिकून नंतर रविवर्मा प्रेसचं फोटोलिथोचं (फोटोवरून छपाईचं) काम केलं, आणि सिनेमा काढून चित्र हलवायला निघाले ते त्यानंतर. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

रेषा

गाभाऱ्याचा मुद्दा मी धरला नव्हता. तेवढा मागे घेते. चित्रकथीचं नुकसान झालं, या मुद्द्यावर मात्र मी आहे तिथेच आहे.

कसमादे

कवळाण्याचं कुणीच काही बोललं नाही. नेहमीसारखंच.

पाथर्डीफाटा

तासाभरापूर्वी आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, बसमधून उतरल्यापासून मला ते म्युझियमच बघायचं होतं, पण तू घाईत होतास म्हणून बोलले नाही. तिच्या माहेरी नांदगावला सरस्वतीची तसबीर होती म्हणे, शाळेत जाण्याआधी तिला हात जोडायचे.

म्हणून परवाच्या पोस्टमधला 'सोडा' हा शब्द काढतोय. रयतेच्या पैशाबद्दल जे लिहिलं ते काढणार नाही. मे महिन्यात स्वतःच्या गाडीने जाऊ, टूर नको. वाटेत कवळाणे घेता येईल का? नकाशावर उलट्या दिशेला दिसतंय.

कसमादे

उलटंच आहे, पण आधी या. मालेगावहून जवळ. जेवण माझ्याकडे.

खडूमास्तर

सोमवार टाळा, म्युझियम बंद असतं. आणि आईंना एका जागी बसता येईल अशी घडीची छोटी खुर्ची आत नेता येते का ते दारावर विचारा. नाहीच जमलं तर सरस्वतीपाशी जो रखवालदार असेल त्याला सांगा.