अनुभव धागा: सड्यावर चालताना पाणी किती, कसं, कधी?

सह्याद्रीच्या माथ्यावरचे आडाखे किनाऱ्यालगत चुकतात. इथे उंची कमी, पण हवा दमट. घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग थंड होत नाही आणि पाणी-मीठ मात्र जातं. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, तर सावलीचं नाव नको. नेमकी मापं लिहा, हकिकती नकोत.

दापोलीकडून:
किती पाणी लागतं ते वजनकाट्याला विचारावं. निघताना आणि परतल्यावर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्या. घटलेला 1 किलो म्हणजे साधारण 1 लिटर. वाटेत प्यायलात ते त्यात मिळवा, लघवीचा अंदाज वजा करा, तासांनी भागा. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या उन्हात वेगवेगळं मोजा. तोवर दर 15-20 मिनिटांनी 150 ते 200 मिली. पाठीवरच्या, नळीने प्यायच्या पाण्याच्या पिशवीत किती उरलं ते पाठीवर कळत नाही. 1 लिटरची बाटली वेगळी ठेवा आणि ती उघडायची वेळ आली की मागे फिरा.

खेडकडून:
रसाळगड-सुमारगड-महिपतगड करणाऱ्यांनो, नकाशावरचं टाकं म्हणजे पाणी नव्हे. आधी वाडीत विचारा, कुठलं टाकं पिण्याचं आणि कुठलं गुरांचं. गढूळ पाणी चौपदरी सुती फडक्यातून गाळूनच क्लोरीनची गोळी टाका, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. पाकिटावरचं माप पाळा, निदान 30 मिनिटं थांबा. उकळणार असाल तर खळखळून 1 मिनिट. पावसाळ्यात पऱ्ह्याचं (ओढ्याचं) पाणी कितीही नितळ दिसो, लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस या तापाचं) भय असतंच.

मालवणकडून:
मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या काही विहिरी मचूळ होतात. गोळीने खारटपणा जात नाही, उकळल्याने उलट वाढतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. सोबत खारे शेंगदाणे असू द्या. सोलकढी बाटलीत भरून नेऊ नका, नारळाचं दूध उन्हात लवकर आंबतं. त्यापेक्षा आगळ (कोकमाचा घट्ट रस) न्या. पण बहुतेक आगळात मीठ असतंच, वरून घालण्याआधी चाखा.

रत्नागिरीकडून:
सगळे कमी पाण्याला घाबरतात, जास्त पाण्याला कोणी घाबरत नाही. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी रुतते, मग माणूस बरळायला लागतो. लक्षणं उष्माघातासारखीच वाटतात आणि सोबती आणखी पाणी पाजतात, तिथेच घात होतो. पोट डचमळत असेल, लघवी पांढरी स्वच्छ आणि वारंवार होत असेल, तर पाणी थांबवा, खारं खायला द्या. तासाला दीड लिटरच्या वर जाऊच नका. बरळणाऱ्या किंवा बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका. 108 ला फोन करा. अंग तापलेलं असेल तर सावलीत घेऊन भिजवा, वारा घाला.

ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण लिटरमध्येच विरघळवा. त्यात 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. अर्ध्या बाटलीत ढवळलं तर ते दाट पाणी आतड्यात पाणी ओढून घेतं आणि जुलाब लागतात. केलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या.

गुहागरकडून:
पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, आमटीचा नव्हे! आणि निघण्याआधी मीठ घातलेली वाटीभर पेज. तांदळाचं पिष्ट (स्टार्च) आणि मीठ दोन्ही पोटात जातं, वर लोणच्याची फोड असली तर बिघडत नाही.