मिटणाऱ्या प्रोपेलरचं खालचं पातं

शिडाच्या बोटीचा तीन पात्यांचा पक्का प्रोपेलर काढून दोन पात्यांचा मिटणारा (इंजिन बंद असताना पाती मागे मिटतात असा) बसवला की मंद वाऱ्यात बोट जास्त वेगाने जाते, असं म्हणतात ते खरंच. पण दोन्ही पाती दात्यांनी एकमेकांत अडकवलेली, म्हणजे एकत्रच उघडणारी-मिटणारी आहेत का, हे घेण्याआधी बघा. नसतील आणि बिजागरीची पिन आडवी थांबली, तर खालचं पातं वजनानेच लोंबतं. वेगात असताना पाणी ते मिटवतं. दीड-दोन नॉटला (ताशी तीन-चार किलोमीटरला) पाण्यात तेवढा जोर नसतो. म्हणजे ज्या वाऱ्यासाठी पैसे घातले, त्यातच ब्रेक!

आम्ही बोट वर काढलेली असताना पिन उभी करून आतल्या कपलिंगवर (प्रोपेलरचा दांडा, म्हणजे शाफ्ट, इंजिनाला जोडतो तिथे) रंगाची रेघ मारली. इंजिन बंद केलं की न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने फिरवून रेघ वर आणायची, मग शाफ्ट तिथेच अडकून राहावा म्हणून रिव्हर्स टाकायचा. सेलड्राइव्ह (इंजिनाखालून थेट बोटीच्या तळातून बाहेर जाणारी जोडणी) असेल तर हाताने फिरवायला आत शाफ्टच नसतो, तेव्हा सरळ दात्यांचाच घ्या.