शब्दचर्चा: 'लज्जामुक्ती' कानाला का खटकते?

अनुवादिनी: आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) महिला-सभेसाठी एका इंग्रजी पुस्तिकेचा अनुवाद करतेय. पानोपानी 'शेम' आणि 'गिल्ट'. मी लिहिलं, 'ख्रिस्तामध्ये लज्जा व दोष यांपासून मुक्ती'. सासूबाईंनी वाचलं नि म्हणाल्या, "अगं, बायकांना लाज सोडायला सांगतेस होय?" काय करू?

नगरकर: सासूबाईंचं बरोबर आहे. मराठीत लाज राखायची, बाळगायची असते. सोडली की माणूस निलाजरा. तुम्हाला हवी ती मान खाली घालायला लावणारी लाज. 'नामुष्की' प्रसंगापुरती असते, माणसाला चिकटतो तो 'कलंक'. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी 'पतिता' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगळं घर काढलं, त्याचं नाव 'कृपासदन'. कलंकाचा उच्चारसुद्धा नाही.

शब्दवेडा: 'दोष' नकोच. दोष मालात असतो, दृष्टीत असतो. 'अपराधीपणा' घ्या. पण बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात पहिल्याच ओळीत 'दंडाज्ञा' आहे, तो कोर्टातला शब्द. शिक्षा रद्द होणं निराळं आणि रात्री मन खायचं थांबणं निराळं. पुस्तिकेत कुठे काय आहे ते बघून घ्या, सगळीकडे एकच शब्द लावू नका.

नगरकर: येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत, मत्तयाच्या शुभवर्तमानात, 'आमची ऋणे आम्हांस सोड' आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही सोडणं, जाऊ देणं. आजोळच्या वाण्याच्या वहीत उधारी मिटली की पानावर तिरकी रेघ पडायची. लहानपणी ही ओळ म्हणताना मला तीच रेघ दिसायची. 'क्षमा' म्हटलं की असं काही दिसत नाही, निदान मला तरी.

वसईची लेक: आम्ही कॅथलिक 'अपराधांची क्षमा' म्हणतो हं, आणि आम्हाला दिसतं! पण ताई, लाजेसाठी लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय वाचा. बापाची मालमत्ता उधळून घरी परतणारा उधळ्या पुत्र वाटेतच भाषण पाठ करून येतो, शेवटचं वाक्य 'मला मोलकऱ्यांसारखं ठेवा'. बाप त्याला तिथवर पोचूच देत नाही. 'माफ केलं' असंही म्हणत नाही. उत्तम झगा आणा, अंगठी घाला, पायात जोडे घाला, बस्स. डुकरं राखून आलेला पोरगा, अंगावर काय असेल ते सगळं झग्याखाली गेलं. आपल्याकडे यालाच 'लाज झाकणं' म्हणतात ना? एदेन बागेतही आदाम-हव्वेला देव चामड्याची वस्त्रं करून घालतोच की.

शब्दवेडा: वा! म्हणजे लाज झाकायची, देणं सोडायचं. 'मुक्ती' दोन्हीकडे नको.

अनुवादिनी: पहिलं वाक्य असं केलं: 'त्याने माझं देणं सोडलं आणि माझी लाज झाकली.' सासूबाईंनी काही न बोलता पुढचं पान मागितलं. पुस्तिकेच्या शीर्षकाचं मात्र अजून अडलंय.