मदत हवी आहे: ऑफिसची रद्दी नियमित उचलणारं कोणी कोल्हापुरात आहे का?

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात महिन्याला ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या) ए-फोर कागदाच्या ४० रिम (एका रिममध्ये ५०० कागद) लागतात. रिम सुमारे २.३ किलोची, म्हणजे रद्दी फार तर ९०-९५ किलो. एवढ्यासाठी टेम्पो पाठवायला कोणी तयार होत नाही. शेजारच्या युनिट्सनी माल एकत्र केला तर परवडेल का?

प्रिंटरजवळ दोन खोकी ठेवणार आहोत, पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा-वर्तमानपत्रं वेगळी. थर्मल बिलं (उष्णतेने छापलेली गुळगुळीत बिलं), लॅमिनेशन आणि चहाचे कप दोन्हींत नकोत. कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, तो रद्दीपासून नवा कागद करताना लगद्यात विरघळत नाही. स्टेपल पिना चालतात, स्पायरल मात्र काढावेच लागतात.

खरी काळजी पावसाळ्याची. भिंतीलगतचे गठ्ठे ओल धरतात आणि बुरशी चढली की सगळा माल वाया. लाकडी पॅलेटवर ठेवणं पुरेल का?

गोपनीय कागद श्रेड केले की तंतू आखूड होतात, भावही पडतो. आपल्या समोर नष्ट करून लेखी दाखला देणारं कोणी माहीत असेल तर कृपया कळवा.