संध्याकाळची भरीत-भाकरीची गाडी टाकायची म्हणतोय, चालेल का? (जळगाव)

डाळमिलवाला

नमस्कार मंडळी. मी जळगावला एका डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे, पगार १७ हजार, ड्युटी ८ ते ५. पोरगी यंदा सातवीत गेली, तिची ट्यूशन, घरभाडं, गावाकडे आईच्या गोळ्या, २२ तारखेनंतर घरात कोणी पैशाचं नाव काढलं की मी बाहेर चक्कर मारायला निघून जातो अशी गत आहे. म्हणून डोक्यात आलंय की संध्याकाळी ६ ते १० खाण्याची छोटी गाडी टाकावी.

मेव्हणा म्हणतो वडापाव टाक, डोळे झाकून चालतो. पण आमच्या रिंग रोडच्या बाजूला आताच इतके वडापाव आणि चायनीज झालेत की गिऱ्हाईकापेक्षा गाड्या जास्त. आमच्या सौ.च्या हातचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी एक नंबर असते, हे मी नवरा म्हणून नाही सांगत, मिलमधले लोक माझा डबा उघडायची वाट बघतात. आसोद्याला मामा आहे, वांगी त्याच्याच शेतातली, आता दिवाळी झाली म्हणजे चांगला माल सुरू होईल. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत, दोन भाकरी, ठेचा, कांदा अशी प्लेट साधारण ७० ला द्यायची असा विचार आहे.

पण सगळे एकच म्हणून राहिले की भरीत तर घरोघरी होतं, जळगावात भरीत विकणं म्हणजे तापीला पाणी विकणं. जवळ ४० हजार आहेत, त्यातले १० हजार तर हात लावायचे नाहीत असं बायकोला कबूल केलंय. कोणी असं काही केलं असेल तर खरं सांगा, जागा, लायसन, किती प्लेटी जातात, सगळंच. आणि नोकरी सोडायची नाहीये हे आधीच सांगतो.

गरम_कढई

भाऊ, मी सहा वर्षं भज्यांची गाडी चालवतोय, आधी पार्टटाइम होतो आता फुलटाइम. शहर सांगत नाही, कारण पुढं सांगेन.

घरोघरी होतं हा मुद्दा डोक्यातून काढून टाक. भजे पण घरोघरी होतात ना. भरीत घरी होतं म्हणजे कोणाकडं होतं, ज्याच्या घरी चूल आहे, काड्या आहेत, आई आहे त्याच्याकडं. फ्लॅटमधली बाई गॅसवर वांगं भाजते, त्याला तो धुराचा वास येत नाही आणि ओट्याची साफसफाई वेगळी. शिवाय बाहेरून शिकायला आलेली पोरं, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, बदलीवर आलेले बँकवाले, हे तुझं गिऱ्हाईक. तुझी अडचण भरीत नाहीच भाऊ, तुझी अडचण भाकरी आहे. हिशोब कर. एका तव्यावर एक भाकरी थापून, टाकून, उलटून, फुगवून तीन मिनिटं धर. आठ वाजता पाच माणसं एकदम उभी राहिली तर दहा भाकरी म्हणजे अर्धा तास. पाचातला तिसरा माणूस समोरच्या चायनीजवर निघून जाईल आणि जाताना तुझ्याकडं बघणार पण नाही. माझे भजे एका घाण्यात वीस निघतात म्हणून मी टिकलो, माझ्या हाताला काही वेगळी चव आहे असं नाही.

दुसरं म्हणजे एकच पदार्थ ठेव. मी सुरुवातीला भजे, वडा, पोहे, साबुदाणा वडा सगळं ठेवलं होतं, रोज रात्री काहीतरी फेकावं लागायचं. फेकलेल्या मालाचा हिशोब कोणी मांडत नाही आणि गाडी बसते ती तिथंच. तेलाच्या पैशात काटकसर करू नको, काळं पडलेलं तेल गिऱ्हाईकाला रस्त्याच्या पलीकडून वासानं कळतं. तुला तळण नाही, तू सुटलास त्यातून.

आता शहर का सांगत नाही ते. पहिल्या वर्षी चांगल्या चौकात उभा होतो, धंदा पण मस्त, आणि एक दिवस अतिक्रमणवाले आले आणि गाडी, कढई, सिलेंडर सगळं ट्रकात. माझ्याकडं कागद एक नव्हता, कोणाला काय सांगणार. सोडवायला गेलेले पैसे आणि बुडालेले नऊ दिवस, तीन महिन्यांची कमाई गेली. गाडी परत मिळाली तर एक चाक नव्हतं. म्हणून कागद आधी, कढई नंतर.

भुसावळ_जंक्शन

वडापाव टाका ना राव कशाला डोकं लावता. भरीत उन्हाळ्यात कुठून आणणार? मे महिन्यात ४५ डिग्रीत चुलीपुढं उभं राहून दाखवा मग बोलू 😄

डाळमिलवाला

@भुसावळ_जंक्शन दादा तुमचा मुद्दा बरोबर आहे, फेब्रुवारीनंतर वांग्याला ती चव राहत नाही, बियाच बिया. माझं डोक्यात असं आहे की थंडीचे चार महिने भरीत आणि उन्हाळ्यात ताक-मठ्ठा, पण ते अजून लांब आहे.

@गरम_कढई भाकरीचं खरंच डोक्यात नव्हतं आलं. सौ. म्हणते मी दोन तवे सांभाळीन.

देवपूरची_सून

दादा, राग मानू नका पण तुमच्या प्रश्नात मला एक गोष्ट खटकली. गाडी तुम्ही टाकणार, पण वांगी भाजणार कोण, सोलणार कोण, कळणा दळून आणणार कोण, ठेचा कुटणार कोण आणि आता दोन तवे पण वहिनीच सांभाळणार. तुमची ड्युटी ५ ला सुटते, त्यांची सकाळी ५ ला सुरू होते. त्यांना विचारलंय का की त्यांच्या हातात रोज किती पडणार?

मी धुळ्याला घरून शेवभाजीची पार्सलं देते, दोन वर्षं झाली. सुरुवातीला मी पण फक्त सामानाचा खर्च धरायचे, तेल, शेव, कांदा, खोबरं, मसाला, आणि वाटायचं किती सुटतात. मग एक दिवस सासऱ्यांनी वहीत लिहायला लावलं, ते आयुष्यभर किराणा दुकानात बसलेले. पार्सलचा डबा आणि पिशवी, गॅस, रिक्षानं आणलेल्या कांद्याचं भाडं, फुकट दिलेली जास्तीची शेव, आणि माझे चार तास. माझे तास धरले तर ६० ची प्लेट मला ५४ ला पडत होती. मग भाव ८० केला. पाच-सहा गिऱ्हाईकं गेली, बाकीची आहेत.

तुमच्या ७० च्या प्लेटचं पण असंच मांडून बघा. वांगं भाजून, साल काढून, देठ काढून किलोचं अर्ध्याच्या थोडं वर हातात राहतं, हे घरी कळत नाही, विकायला बसलं की कळतं. मामाची वांगी फुकट धरू नका, बाजारभाव लावा. मामा एक महिना फुकट देईल, दुसऱ्या महिन्यात मामी बोलेल.

एक कामाची गोष्ट सांगते. मी शेव वेगळ्या पुडीत देते, रस्सा वेगळा. आधी एकत्र द्यायचे, घरी जाईपर्यंत शेवेचा लगदा व्हायचा आणि फोन यायचा की ताई शेव कुठं आहे यात. तुमचं पण तसंच, कांद्याची पात आणि कोथिंबीर भरतात आधी मिसळून ठेवू नका, पाणी सुटतं. भाजलेली वांगी ठेचून ठेवा, मिरची-लसूण-शेंगदाण्याची फोडणी गाडीवर गिऱ्हाईकासमोर द्या. चर्र आवाज झाला की शेजारच्या गाडीवरचा माणूस पण मान वळवतो, त्याच्यासारखी जाहिरात नाही.

तापीकाठचा

कागदपत्रांचं मी सांगतो, मी चोपड्याला लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो.

पहिलं फूड रजिस्ट्रेशन. हातगाडीवाल्याला पण लागतं. लहान धंद्याला साधं रजिस्ट्रेशन असतं, मोठ्या हॉटेलचं लायसन वेगळं. फॉस्कॉस नावाच्या सरकारी साइटवर अर्ज होतो, आधार, फोटो आणि कोणता पदार्थ ते टाकायचं. मी २०२३ ला भाच्याचं काढलं तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. एजंट दोन हजार मागतात, देऊ नका. १४ आकडी नंबर येतो तो गाडीवर दिसेल असा लावा.

दुसरं जागेचं. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे, त्यात नगरपालिका किंवा महापालिकेनं शहर फेरीवाला समिती करायची, सर्वे करायचा आणि विक्रेत्याला प्रमाणपत्र द्यायचं. ते प्रमाणपत्र हातात असलं तर त्यात लिहिलेल्या जागेवरून उठवायच्या आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. वर कढईवाल्या भाऊंची गाडी उचलली, त्यांच्याकडं हाच कागद नव्हता. पण सर्वे रोज होत नाही, म्हणून ऑफिसात जाऊन लेखी अर्ज देऊन पोच घ्या, तोंडी विचारून येऊ नका. तोपर्यंत खासगी जागा बघा, एखाद्या दुकानाच्या ओट्यासमोर, जे दुकान ७ ला बंद होतं. मेडिकलसमोर नको, हार्डवेअरचं किंवा सिमेंटचं दुकान चांगलं, ते लवकर शटर पाडतात. भाडं ठरवून कागदावर घ्या.

कर्जाचं विचाराल म्हणून सांगतो, पीएम स्वनिधी म्हणजे फेरीवाल्यांसाठीची सरकारी कर्जयोजना, त्यात पहिलं कर्ज आधी १० हजार होतं, २०२५ मध्ये १५ हजार केलं, पुढं वेळेवर फेडलं की २५ आणि ५० हजार. व्याजात ७ टक्के सवलत मिळते. पण त्याला पालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र नाहीतर शिफारसपत्र लागतं. आजच कर्ज काढू नका, आधी धंदा बघा.

आणि घरचा लाल सिलेंडर गाडीवर लावू नका. १९ किलोचा निळा लागतो. पकडलं तर सिलेंडर पण जातो आणि वर केस.

डाळमिलवाला

@देवपूरची_सून ताई, तुमचा मेसेज सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली या बाईला माझा नंबर दे 😅 बसून हिशोब केला काल रात्री. तिचे तास धरले, गॅस धरला, मामाची वांगी बाजारभावानं धरली, प्लेट ५८ ला पडते. म्हणजे ७० ला विकून रोज ३० प्लेटी गेल्या तरी ३६० सुटतात, त्यात जागेचं भाडं जायचंय. भाव ९० करायचा विचार चाललाय. घाबरून राहिलो थोडा.

खान्देशी_खवय्या

भाऊ, डोकं बरोबर चाली राहिनं तुन्हं, घाबरू नको. ९० ला पण जाईल. मी पुण्यात ११ वर्षं काढली, तिथं खान्देशी म्हणून लाल तिखट वतलं की झालं असं जेवण मिळायचं आणि त्याचे दीडशे घ्यायचे. मी जळगावला उतरलो की पहिली गोष्ट भरीत शोधतो, बहुतेक ठिकाणी पुरी मिळते, कळण्याची भाकरी मिळतच नाही. भाकरी सोडू नको फक्त, लोक सांगतील पुरी कर सोपी पडते, पुरी केली की तू पण त्या बाकीच्या गाड्यांसारखाच.

आणि सांगायचं म्हणजे गाडी घ्यायच्या आधी चार रविवार नुसत्या ऑर्डरी घेऊन बघ. बिल्डिंगचा ग्रुप, मिलमधले लोक. सारंगखेड्याच्या यात्रेत माझ्या चुलतभावानं एका वर्षी मोठा स्टॉल घेतला होता, टेबलं, मंडप, कूक सगळं, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की लोक उभ्यानं खाऊन घोडे बघायला जातात, टेबलावर कोणी बसतच नाही. खुर्च्यांचं भाडं भरत बसला.

गरम_कढई

ऑर्डरीचं बरोबर बोलला हा माणूस. आणि काड्यांचा विचार केला का? भाड्याच्या घरात गच्चीवर काड्या पेटवल्या तर घरमालक दुसऱ्या दिवशी सामान बाहेर काढेल.

डाळमिलवाला

आज रविवारची ट्रायल झाली, म्हटलं तुम्हाला सांगावं.

काड्यांचा प्रश्न मामाच्या गोठ्यामागं सुटला, मागच्या वर्षीच्या कपाशीच्या काड्यांचा ढीग तसाच पडून होता. दुपारी मी आणि पोरगी गेलो, मामानं वांग्यांना काडीनं टोचे मारून दिले, नाहीतर फुटतात म्हणे, मला माहीतच नव्हतं. सहा किलो भाजली, तिथंच सोलली, झाकणाच्या डब्यात घेऊन आलो. पोरीचे हात रात्रीपर्यंत काळे होते. फूड रजिस्ट्रेशनचा अर्ज शनिवारीच भरून टाकला होता, १०० रुपयेच लागले.

बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं होतं, ९० रुपये प्लेट, ६ ते ९, खाली पार्किंगमधून घेऊन जा. पहिल्या तासात फक्त चार जण आले, त्यातला एक घरमालक, त्याला पैसे सांगायला जीभ वळेना, त्यानंच दिले. साडेसातनंतर एकदम गर्दी. सौ.नं दोन तवे लावले होते पण एकीकडं थापायचं आणि दुसरीकडं उलटायचं यात दोन भाकरी जळाल्या, मग मी उलटायला बसलो. सव्वाआठला पीठ संपलं. कढईवाले भाऊ, तुम्ही सांगितलं तेच झालं. १९ प्लेटी गेल्या, भरीत दीड किलो उरलं, ते नुसतं मागायला पण दोघं आले, दिलं पावशेरानं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी भाकरी घेऊन नेताना म्हणाल्या की पीठ तुमचं देत असाल तर ८ रुपये भाकरीनं मी करून देते, माझा तवा रिकामाच असतो संध्याकाळचा. सौ. अजून हो म्हणाली नाही, म्हणते आधी त्यांच्या हातची एक खाऊन बघू. उद्या सकाळच्या डब्यात तीच येणार आहे.