विषय: लॅक्स्टनची सहल, परवानगी कोणाची काढायची?

नमस्कार मंडळी,
जूनच्या सहलीसाठी लॅक्स्टन ठरतंय. नॉटिंगहॅमशायरमध्ये, टक्सफर्डच्या अलीकडचं गाव. तीसेक माणसं होतील, पोरंटोरं धरून. सगळं शेतांतून हिंडणं आहे, तर तिथल्या पॅरिश कौन्सिलला कळवायचं की चर्चला? नावातच 'पॅरिश', म्हणजे चर्चचा इलाखा, आहे म्हणून विचारते.
– सहल समिती

---

ताई,
दोघांनाही नको. पब्लिक फूटपाथच्या पाट्या असतील त्या वाटेने चालायला कोणाचीच परवानगी लागत नाही. वाट सोडून पिकात मात्र शिरायचं नाही.

चर्चचा पॅरिश आणि कारभाराचा पॅरिश 1894 च्या कायद्याने वेगळे झाले. पॅरिश कौन्सिलला हौसेने ग्रामपंचायत म्हणा, पण तिच्या हाती बाकडी, खेळाचं मैदान, दफनभूमी असली कामं. घर बांधायचा अर्ज आला तर ती मत देते, निकाल जिल्हा कौन्सिलचा. कौन्सिल टॅक्ससुद्धा जिल्हाच गोळा करतो, त्यातला पॅरिशने मागितलेला छोटा हिस्सा तिला मिळतो.

पण लॅक्स्टनला जायचं ते यासाठी नव्हेच. तिथे शेतीचा कारभार अजून 'कोर्ट लीट', म्हणजे जमीनदारीच्या काळापासूनचं गावकोर्ट, बघतं. इंग्लंडभर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सामाईक रानं मोडून कुंपणं पडली. इथे दोन बड्या जमीनदारांचं एकमत होईना, म्हणून तीन मोठी रानं उघडीच राहिली असं सांगतात. वेस्ट फील्ड, मिल फील्ड, साउथ फील्ड. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पडीक, आणि दर वर्षी पाळी पुढे सरकते. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही रानांत विखुरलेल्या, मध्ये बांध नाही, कुंपण नाही.

बांध नाही म्हटल्यावर शेजाऱ्याच्या वाट्यात नांगराचं एक तास जास्त मारायचा मोह होणारच! म्हणून नोव्हेंबरअखेरीस शेतकऱ्यांतलेच पंच गव्हाच्या रानात फिरतात, हद्दीच्या खुंट्या तपासतात, कोणी रस्त्यावर किंवा साइकवर (रानातल्या गवतपट्टीवर) नांगर घातलाय का बघतात. आठवड्याने डव्हकोट इन नावाच्या पबात कोर्ट भरतं आणि दोषींना दंड होतो. रक्कम अगदीच किरकोळ. पण गावासमोर नाव वाचलं जातं, ते खरं लागतं. 1977 च्या कायद्याने अशा बहुतेक जुन्या कोर्टांचे न्यायनिवाड्याचे अधिकार गेले, लॅक्स्टनचं मात्र टिकलं.

साइक म्हणजे रानातल्या सखल, ओलसर गवतपट्ट्या, जिथे नांगर चालत नाही. तिथल्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. रानफुलं बघायची तर तिथेच.

1635 साली मार्क पिअर्सने काढलेला या गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. पट्टी न् पट्टी दाखवलीय, नांगरणारी माणसंही चितारलीत. आपल्या तलाठ्याला दाखवला तर तो मला चहा पाजेल!
– लेस्टरचा काका

---

काका,
पांझरेकाठी, धुळ्याकडे माझं आजोळ. तुमचं वाचून फड आठवला. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि फडांची पाळी बदलायची. पाणी पाटकरी सोडणार, राखण जागल्या करणार. मामा म्हणायचा, जमीन माझी पण पीक गावाचं.
मालक कोण हो लॅक्स्टनचा?
– तुझा भाचा, डर्बी

---

भाच्या,
छान आठवण काढलीस. फरक एवढाच की तुझ्या मामाला पाण्याने बांधून घातलं होतं, इथल्यांना पडीक रानाने. एकट्याने मध्येच काही पेरलं तर सगळी पाळी बिघडते.

मालकीची गंमत अशी, की 1952 मध्ये पिअरपाँट घराण्यातल्या अर्ल मॅनव्हर्स या उमरावाने गाव शेती खात्याला विकलं, 1981 मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजाच्या नावे असलेल्या सरकारी मालमत्तेत, गेलं, आणि 2020 मध्ये फिरून त्याच पिअरपाँट घराण्याच्या थोर्सबी इस्टेटकडे आलं. सरकारी मालकी सुटली तेव्हा माझ्या मनात जरा धाकधूक होती. कारण शेती करणारी कुळं आहेत. ती टिकली तर पंच मिळणार, पंच मिळाले तर कोर्ट.

जाता जाता घरं बघ. शेतघरं रानात नाहीत, गावरस्त्यालाच लागून, बरीचशी भिंतीची त्रिकोणी बाजू रस्त्याकडे करून उभी, मागे परसू. जमीनच तीन रानांत विखुरलेली, मग घर बांधणार कुठल्या तुकड्यावर?
– काका

---

मंडळी, ठरलं तर. चर्चपाशी जमायचं, मग टेकाडावरचा जुना किल्ला (मातीचे उंचवटे उरलेत, बुरूज शोधू नका), मग साइकवरून मिल फील्ड. पोरांना सांगून ठेवा, गव्हाच्या ओंब्या तोडायच्या नाहीत. पिठलं-भाकरी कोण आणतंय ते उद्यापर्यंत कळवा. पबात डबा उघडायचा नाही, हे गेल्या सहलीनंतर वेगळं सांगायला नको.
– सहल समिती